तेलाला गाव असते

आमच्या सांगलीच्या घराच्या माळ्यावर सव्वीस वर्षे एक ॲल्युमिनियमचा डबा होता. पाच किलोचा, तोंड लाखेने बंद केलेला. त्याच्या गळ्यात सुतळीने बांधलेला पुठ्ठ्याचा तुकडा होता आणि त्यावर अण्णांच्या वळणदार अक्षरात लिहिले होते : ‘चंदन. विकावयाचे नाही.’ दिवाळीच्या साफसफाईत आई तो डबा पुसून पुन्हा जागेवर ठेवी आणि दरवर्षी एकच वाक्य म्हणे, “एवढ्यात थोरलीच्या पाटल्या झाल्या असत्या.” अण्णा ऐकून न ऐकल्यासारखे करीत.

त्या डब्यात काय होते, हे शोधून काढण्याचे काम माझ्याकडे आले होते. ते मी केले आणि त्याचा मला अभिमानही वाटला. डब्यात काय आहे हे कळले, तरी त्यामुळे प्रश्न सुटत नव्हता, हे समजायला मात्र पुष्कळ वर्षे जावी लागली.

आमचे दुकान पेठेत होते. पाटीवर ‘सुगंधी द्रव्ये, काष्ठौषधी व पूजासाहित्य’ असे लिहिलेले असले, तरी लोक त्याला नुसते ‘गंधाचे दुकान’ म्हणत. आजोबांनी ते सुरू केले आणि अण्णांनी चाळीस वर्षे चालवले. ऊद, कापूर, वाळा, नागरमोथा, कचोरा यांच्या पोत्यांतून वाट काढीत गादीपर्यंत जावे लागे. पण दुकानाचे नाव होते ते चंदनासाठी. बस्तीतील उपाध्ये सहाणेवर उगाळण्याचे खोड आमच्याकडूनच नेत. अष्टद्रव्यांत जलानंतरचे स्थान चंदनाचे. संसाराचा ताप शमावा या भावनेने ते वाहायचे असते, हे आम्हां मुलांना अक्षरओळख होण्याआधीच ठाऊक झाले होते.

तेल पारखण्याची अण्णांची एक रीत होती. टीपकागदाच्या पट्टीवर ते एक थेंब टाकीत आणि ती पट्टी गादीमागच्या खुंटीला अडकवीत. लगेच एकदा हुंगत. रात्री दुकान वाढवताना पुन्हा हुंगत. दुसऱ्या दिवशी बस्तीतून आल्यावर, आणि मग तिसऱ्या दिवशी. तोवर भाव बोलायचा नाही. “पाहुणा पहिल्या दिवशी गोडच बोलतो,” ते म्हणत, “तिसऱ्या दिवशी कसा बोलतो ते पाहावे.”

या रीतीमागचे शास्त्र मला महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकताना उमगले. लिंबाच्या सालीतील तेलात मुख्यतः दहा कार्बनअणूंचे हलके रेणू असतात. ते चटकन उडतात, म्हणून लिंबाचा वास झटकन येतो आणि झटकन जातो. चंदनाच्या तेलातील मुख्य रेणू पंधरा कार्बनांचे, जड आणि सावकाश उडणारे असतात. त्यांना सँटालॉल म्हणतात. सँटालॉल सुमारे ३०० अंश सेल्सिअसला उकळते. म्हणून चंदनाच्या भुशातून वाफ खेळवून तेल काढायचे, तर भट्टी दोन-तीन दिवस अखंड चालवावी लागते. आणि म्हणूनच टीपकागदावरचा एक थेंब कित्येक दिवस दरवळत राहतो.

सँटालॉलही एक नव्हे. अल्फा आणि बीटा हे त्यातले दोन प्रमुख. दोहोंत कार्बनचे १५, हायड्रोजनचे २४ आणि ऑक्सिजनचा १ अणू. एकाही अणूचा फरक नाही. फरक केवळ त्यांच्या मांडणीचा. तेलात अल्फाचे प्रमाण जवळजवळ निम्मे आणि बीटाचे साधारण पाचवा हिस्सा. गंमत अशी, की आपण ज्याला चंदनाचा म्हणून ओळखतो, तो उबदार, दुधाळ वास मुख्यतः या धाकट्या बीटाचा असतो. थोरल्या अल्फाचा वास सौम्य, काहीसा देवदाराच्या लाकडासारखा. त्यांच्या जोडीला एपि-बीटा-सँटालॉल, बर्गमोटॉल आणि थोडेसे सँटालीन अशी लहानमोठी मंडळी असतात. हे सारे कुटुंब ठरावीक प्रमाणात एकत्र नांदते, तेव्हा त्याला चंदनाचे तेल म्हणायचे.

आणि हे कुटुंब जमायला वेळ लागतो. कोवळे चंदन वासाचे नसते. मोठ्या झाडाचेही बाहेरचे पांढरे लाकूड बिनवासाचे असते. तेल असते ते आतल्या पिवळसर तपकिरी गाभ्यात आणि सर्वांत जास्त मुळांत. गाभा धरायलाच अनेक वर्षे जातात आणि चांगले तेल मुरायला त्याहून अधिक. झाड आधी सँटालीन बनवते, मग त्याच्या पेशींतील विकरे त्या रेणूला ऑक्सिजनचा एक अणू जोडतात आणि सँटालॉल तयार होते. हे झाड पूर्ण स्वावलंबी नाही. त्याची मुळे शेजारच्या झाडांच्या मुळांना बिलगून त्यांच्यातील पाणी व क्षार घेतात; म्हणून लागवड करणारे शेतकरी रोपाशेजारी तूर लावतात. शंभर किलो चांगल्या गाभ्यातून चार-सहा किलोंच्या आसपास तेल मिळते. त्यासाठी झाड नुसते तोडून भागत नाही, मुळासकट उपटावे लागते. एका कुपीमागे किती पावसाळे असतात, याचा हिशेब गिऱ्हाईक करीत नाही. व्यापाऱ्याने तरी करावा.

आता त्या डब्याची हकिकत.

डिसेंबर १९९३ मध्ये श्रवणबेळगोळला भगवान बाहुबलींचा महामस्तकाभिषेक होता. १९८१ च्या सहस्राब्दी सोहळ्यानंतरचा हा पहिलाच. आमच्या भागातून गाड्यांमागून गाड्या भरून निघणार होत्या. त्या वर्षी दसऱ्यापासूनच दुकानात चंदनाची मागणी वाढली. कोणाला अभिषेकासाठी भुकटी हवी, कोणाला घरच्या देवघरासाठी तेल. म्हैसूरच्या तेलाचे भाव चढले होते आणि माल वेळेवर मिळेना. त्यातच थोरल्या बहिणीचे लग्न वैशाखात ठरलेले.

अशा वेळी एक दलाल आले. अण्णांची आणि त्यांची पंधरा वर्षांची ओळख; मी त्यांना काका म्हणत असे. त्यांच्याकडे पाच-पाच किलोंचे दोन डबे होते आणि भाव बाजारापेक्षा बराच उतरता होता. अट एकच : रोख आणि आजच्या आज. अण्णांनी नेहमीप्रमाणे पट्टीवर थेंब टाकला, हुंगला आणि पट्टी खुंटीला लावली. पण तिसऱ्या दिवसाची वाट पाहिली नाही. एक डबा ठेवून घेतला आणि लग्नासाठी बाजूला काढलेल्या पैशांतून रक्कम चुकती केली.

मी तेव्हा एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. दिवाळीच्या सुटीत घरी आले, तर अण्णा गप्प होते. दोन दिवसांनी मला म्हणाले, “बाळ, तुमच्या प्रयोगशाळेत तेल तपासता येते का?” मी हसून म्हटले, “तुमच्या नाकापेक्षा आमची प्रयोगशाळा मोठी आहे का, अण्णा?” ते हसले नाहीत. डब्यातील तेलाची एक छोटी कुपी त्यांनी माझ्या हातात दिली. तोवर त्या डब्यातून सात-आठ घरी तोळ्या-दोन तोळ्यांची विक्री झाली होती.

महाविद्यालयात मी पहिल्यांदा जुन्या पद्धतीने परीक्षा केली. तेलातील अल्कोहोलवर्गीय घटकांची ॲसेटिक अनहायड्राइडशी अभिक्रिया घडवायची आणि मग कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणाने मोजमाप करून त्यांचे एकूण प्रमाण काढायचे. चांगल्या चंदनतेलात हे प्रमाण, सारे सँटालॉलच आहे असे धरून, शेकडा नव्वदच्या वर येते. माझे उत्तर सत्त्याऐंशी आले. तीनाचा फरक. विद्यार्थ्याच्या हातून एवढे इकडेतिकडे होतेच. मी घरी पत्र पाठवले : ‘तेल ठीक दिसते. किंचित कमी आहे, पण माझीच चूक असावी.’

अण्णांचे उत्तर उलट टपाली आले. तीनच ओळी होत्या. तिसऱ्या दिवशीची पट्टी कोरडी बोलते, दुधाळपणा नाही. लोक पुढच्या महिन्यात निघतील. पुन्हा पाहा.

माझ्या मार्गदर्शक बाईंनी मला पुण्यातील एका संशोधन संस्थेत नेले. तिथे गॅस क्रोमॅटोग्राफ होता. या यंत्रात केसासारखी बारीक आणि कित्येक मीटर लांब नळी गुंडाळून बसवलेली असते. तेलाचा सूक्ष्म थेंब तापवून त्याची वाफ त्या नळीतून वाहत्या वायूबरोबर सोडतात. प्रत्येक घटक आपापल्या गतीने पुढे सरकतो, आपल्या वेळेला बाहेर पडतो आणि कागदावर एक शिखर उमटवून जातो. ज्याचे प्रमाण मोठे, त्याचे शिखर मोठे. जुनी परीक्षा सगळ्या अल्कोहोलांना एकाच मापाने मोजून सर्वांना सँटालॉल म्हणते. हे यंत्र एकेकाला वेगळे उभे करते.

आधी म्हैसूरच्या खात्रीच्या तेलाचा नमुना सोडला. दोन ठसठशीत शिखरे आली : अल्फा पन्नाशीच्या जवळ, बीटा विशीच्या. मग आमचे तेल. तीच दोन शिखरे आली, पण अल्फा पस्तीसवर आणि बीटा चौदावर थांबला. आणि त्यांच्या आगेमागे, जिथे अस्सल नमुन्यात जवळजवळ सपाट रेघ होती, तिथे अनोळखी शिखरांचा घोळका उभा होता. तिथल्या शास्त्रज्ञांनी आलेख पाहिला, काही न बोलता कपाटातून एक बाटली काढली आणि तिच्यातला थेंब यंत्रात सोडला. तोच घोळका, त्याच वेळांना. व्हॅलेरिॲनॉल, युडेस्मॉल, एलेमॉल.

ते अमायरिसचे तेल होते. वेस्ट इंडीज बेटांतील हे झाड. व्यापारात त्याला ‘वेस्ट इंडियन चंदन’ म्हणतात. प्रत्यक्षात त्याचे चंदनाशी नाते नाही, ते लिंबू-संत्र्याच्या कुळातले. त्याचे तेलही जड, पंधरा कार्बनांच्या अल्कोहोलांनी भरलेले. म्हणूनच जुन्या परीक्षेला ते चकवते आणि म्हणूनच पट्टीवरून लवकर उडून जात नाही. अमायरिस हे वाईट द्रव्य नव्हे. साबणात, अत्तरात त्याच्या स्वतःच्या नावाने ते खुशाल वापरतात. वाईट होते ते त्याने पांघरलेले नाव. आमच्या डब्यात सुमारे चौथा हिस्सा ते होते.

आलेखाची गुंडाळी घेऊन मी रात्रीच्या गाडीने घरी आले. परीक्षेत पहिली आल्यासारखा आनंद मला झाला होता, हे आज कबूल करायला संकोच वाटतो. सकाळी अण्णांसमोर आलेख उलगडून मी एकेक शिखर दाखवले. त्यांनी शांतपणे सारे ऐकले आणि म्हणाले, “हे मला त्याच रात्री दुकान वाढवताना कळले होते, बाळ. नाकाने सांगितले होते. मीच ऐकले नाही. भाव ऐकत होतो.”

पहिले काम त्यांनी त्याच दिवशी केले. रोजमेळ काढून ज्या ज्या घरी तेल गेले होते, तिथे ते स्वतः पायी गेले. उरलेले तेल परत घेतले, पैसे परत केले आणि कारणही सांगितले. तेल खराब निघाले असे त्यांनी सांगितले नाही; मी न पारखता विकले, असे सांगितले. एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी त्यांना दारातच सुनावले, “तुमच्या नाकावर आम्ही डोळे मिटून विश्वास टाकला!” अण्णा हात जोडून उभे राहिले. मी बरोबर होते. ते ऐकताना माझ्या हातातील आलेखाची गुंडाळी मला एकाएकी फार जड झाली.

दुसरे काम अवघड होते. दलालकाका बोलावल्यावर आले. आलेख पाहून त्यांनी वाद घातला नाही. म्हणाले, “मलाही वरूनच आले. डबा परत द्या, पैसे घेऊन जा. थोडी घट धरावी लागेल.” व्यवहार तिथेच मिटला असता. आईने आतून सुटकेचा निःश्वास टाकलेला मला ऐकू आला. पण अण्णांनी विचारले, “परत घेऊन तुम्ही याचे काय कराल?”

काका हसले. “ज्याला चालेल त्याला देईन.”

“आणि यातले तीन हिस्से जे खरे चंदन आहे, ते कुठले? लाकूड कोणत्या लिलावातले? वाहतुकीचा परवाना आहे?”

काका म्हणाले, “अण्णा, लाकडाला गाव असते. तेलाला कुठे गाव असते?”

या प्रश्नाचे वजन कळायला त्या काळातील कायदा आठवावा लागेल. टिपू सुलतानाने १७९२ मध्ये चंदन हा राजवृक्ष ठरवला. तेव्हापासून म्हैसूर प्रदेशात ते राज्याच्या मालकीचे झाड झाले. पुढे संस्थानाने आणि मग सरकारनेही तोच वारसा चालवला. पहिल्या महायुद्धात युरोपला जाणारे लाकूड अडून पडले, तेव्हा म्हैसूर संस्थानाने १९१६ च्या सुमारास स्वतःच तेल काढायला सुरुवात केली आणि ‘म्हैसूर’ हा शब्द जगभर चंदनतेलाची साक्ष ठरला. पण झाड शेतकऱ्याच्या बांधावर उगवले तरी त्याचे नव्हते. त्यामुळे ते जपावे असे त्याला वाटेना. एकीकडे राखण आणि दुसरीकडे चोरी, अशा पेचात जंगलातले चंदन संपत गेले. १९९३ मध्ये कर्नाटक-तमिळनाडूच्या सीमेवरील वीरप्पनच्या टोळीच्या बातम्या वर्तमानपत्रांत सतत येत होत्या. बाजारात परवान्याशिवाय फिरणारे स्वस्त चंदन कुठून येत असेल, हे प्रत्येक व्यापाऱ्याला ठाऊक होते, आणि ठाऊक नसल्यासारखे वागणे सोयीचेही होते.

त्या रात्री जेवणे झाल्यावर घरात बराच वेळ बोलणे चालले. आई म्हणाली, “परत देऊन मोकळे व्हा. तो पुढे काय करील ते त्याचे कर्म.” अण्णा म्हणाले, “त्याच्या हाती मी डबा दिला तर ते त्याचे एकट्याचे राहत नाही. स्वतः केले, करविले आणि करणाऱ्याला मान डोलावली, तिन्हींचा बंध होतो असे आपणच पर्युषणात ऐकतो.”

मी मधला मार्ग सुचवला. शास्त्राची विद्यार्थिनी होते ना! मी म्हटले, “अण्णा, पावतीवर ‘चंदन व अमायरिस यांचे मिश्र तेल’ असे स्पष्ट लिहून उदबत्तीच्या कारखान्याला विका. मग खोटेपणा उरत नाही.”

अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी पाठशाळेत मुलांना विचारावे तसे मला विचारले, “अचौर्य अणुव्रताचे अतिचार किती?”

“पाच,” मी म्हटले. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायातील ती नावे लहानपणी घोकलेली होती. चोरीला उत्तेजन देणे, तो स्तेनप्रयोग. चोरीचा माल घेणे, ते तदाहृतादान. राज्याच्या नियमांविरुद्ध व्यापार करणे, तो विरुद्धराज्यातिक्रम. देण्याघेण्याची मापे कमीजास्त ठेवणे, ते हीनाधिकमानोन्मान. आणि अस्सलाच्या नावाखाली नक्कल विकणे, तो प्रतिरूपक व्यवहार.

“तुझ्या यंत्राने यातला कितवा पकडला?”

“पाचवा.”

“पावतीवर खरे लिहिले की तो पाचवा सुटतो, हे बरोबर. चौथा आपल्या तागडीत नाही. पण पहिल्या तिन्हींचे काय? यातले चंदन चोरीचे असेल, तर तुझ्या कागदावर त्याचे शिखर कुठे दिसते?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. अल्फा-सँटालॉलचा रेणू लिलावात घेतलेल्या लाकडातून आला काय किंवा रात्री कापून नेलेल्या झाडातून आला काय, त्याचे १५, २४ आणि १ हे अणू तेच राहतात आणि शिखर त्याच वेळेला उमटते. चोरी तेलात विरघळत नाही. ती तेलाबाहेर, माणसांच्या व्यवहारात असते. तिथे विचारल्याशिवाय ती दिसत नाही.

डबा परत गेला नाही आणि विकलाही गेला नाही. अण्णांनी त्याचे तोंड लाखेने बंद केले आणि तो माळ्यावर ठेवला. खतावणीत ती रक्कम त्यांनी बुडीत म्हणून लिहिली. वैशाखात ताईचे लग्न झाले; पाटल्यांऐवजी तिच्या हातात आईच्याच जुन्या बांगड्या उजळून घातल्या. ताईने कधी त्याबद्दल शब्द काढला नाही. आईने मात्र दर दिवाळीला काढला, आणि मला तिचेही चुकले असे वाटत नाही. व्रत एकाने पाळायचे आणि त्याची झळ घरातील सर्वांनी सोसायची, हा हिशेब स्त्रियांच्या खतावणीत वेगळा मांडला जातो.

अण्णांनी केले ते योग्यच होते का, हे मी कित्येकदा स्वतःला विचारले आहे. वन खात्याला कळवायला हवे होते, असे आज कोणी म्हणेल, आणि ते खोटे नाही. पंधरा वर्षांची ओळख आणि एका माणसाचे पोट यांपुढे अण्णांचे तेवढे धैर्य झाले नाही. त्यांनीही ते माझ्याजवळ एकदा कबूल केले. त्यांच्या हाती होते तेवढे त्यांनी केले : ती साखळी आपल्या दुकानापाशी थांबवली.

त्यानंतरच्या तीस वर्षांत पुष्कळ बदल झाले. कर्नाटकाने २००१ मध्ये आणि तमिळनाडूने २००२ मध्ये कायदा बदलून जमीनमालकाला त्याच्या जमिनीतील चंदनाची मालकी दिली. आता आपल्याकडचे शेतकरीही चंदन लावतात. महाराष्ट्रात ते तोडायला परवानगी लागते, ती घेतली की माल उजळ माथ्याने बाजारात येतो. तेलाच्या परीक्षेचेही मानक आले. २००२ च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार चंदनतेलात अल्फा-सँटालॉल शेकडा ४१ ते ५५ आणि बीटा-सँटालॉल १६ ते २४ असावे लागते. नुसते ‘नव्वद टक्के सँटालॉल’ म्हणून आता भागत नाही.

या व्यवसायात असलेल्या, किंवा नुसते देवघरासाठी तेल घेणाऱ्या आपल्या कुटुंबांना मी म्हणून एवढेच सांगते, की दोन कागद मागावेत. पहिला, त्या विशिष्ट घाण्याच्या मालाचा गॅस क्रोमॅटोग्राफचा अहवाल. त्यात झाडाचे शास्त्रीय नाव ‘सँटालम आल्बम’ असावे आणि वरचे दोन आकडे त्या मर्यादेत बसावेत. ऑस्ट्रेलियातील ‘सँटालम स्पिकाटम’ हे चंदनाचेच भावंड. पण त्यात सँटालॉल कमी आणि फार्नेसॉल अधिक असते. ते त्याच्या नावाने आणि त्याच्या भावाने घ्यावे. रक्तचंदन तर चंदनच नव्हे. त्याचा लाल रंग सँटालिन नावाच्या रंगद्रव्याचा, त्यात सँटालॉलचा वास शोधू नये. भुकटी अगदी स्वस्त मिळत असेल, तर ती तेल काढून घेतलेल्या चोथ्याची नाही ना, हे विचारावे. आणि दुसरा कागद, लाकूड कुठून आले याचा. पहिला कागद प्रयोगशाळा देते. दुसरा मागण्याचे धैर्य आपले आपल्यालाच आणावे लागते, विशेषतः भाव उतरता असतो तेव्हा.

२०१८ मध्ये अण्णा गेले. पुढच्या वर्षी घर आवरताना डबा खाली उतरवला. आई म्हणाली, “आता तरी याचे काहीतरी कर.” मी तोवर महाविद्यालयात पंचवीस वर्षे रसायनशास्त्र शिकवीत होते. लाख फोडली. बूच काढताच सारी खोली चंदनाने भरली. आणि त्या वासामागे, नाक लावून पाहिल्यावर, तो कोरडा लाकडी स्वर अजूनही तसाच होता. आई जवळ आली, पदराने डोळे टिपले आणि म्हणाली, “पट्टी आण गं. तिसऱ्या दिवशी बघू.”

तो डबा आता आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत कुलपात आहे. दरवर्षी पदव्युत्तर वर्गाला त्यातले काही थेंब मिळतात. आधी ते जुन्या पद्धतीने मोजतात आणि बहुतेकांचे उत्तर नव्वदच्या थोडे खाली येते. “आमचीच चूक असेल, मॅडम,” असे ते म्हणतात. मग ते यंत्राकडे जातात, अमायरिसची शिखरे सापडली की त्यांचे चेहरे उजळतात आणि मला माझी ती रात्रीची गाडी आठवते. प्रयोगवहीच्या शेवटी त्यांना एक प्रश्न सोडवायचा असतो : या आलेखावरून तेलाबद्दल काय सांगता येत नाही?

बहुतेक मुले पाण्याचा अंश, रंग, साठवणुकीचा काळ असे काही लिहितात. गेल्या वर्षी एका मुलीने दोनच शब्द लिहिले होते : ‘कोणाचे झाड.’ तिला मी पूर्ण गुण दिले.

डब्याच्या गळ्यातला पुठ्ठा मी काढलेला नाही.